छोट्या धरणांची सुरक्षा : तिवरेने दिलेला इशारा

२ जुलै २०१९ची रात्र. कोकणात मुसळधार पाऊस सुरू होता. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण रात्री साडेनऊच्या सुमारास फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील घरे पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. वीसहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या या दुर्घटनेपूर्वी शहरातील वाचकांपैकी फारच थोड्यांनी या धरणाचे नाव ऐकले असेल. त्याची साठवणक्षमता सुमारे २५ लाख घनमीटर, म्हणजे टीएमसीच्या भाषेत एकदशांशाहूनही कमी होती. १०५ टीएमसीच्या कोयनेपुढे ते एक डबकेच. धरण बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. गळतीबाबत ग्रामस्थांनी आधी तक्रारी केल्या होत्या आणि काही डागडुजीही झाली होती. तरीही धरण गेले.

कोयना, जायकवाडी, उजनी या धरणांची पाणीपातळी पावसाळ्यात रोज वृत्तपत्रांत छापून येते. तिवऱ्यासारखी धरणे मात्र फुटल्यावरच बातमीत येतात. राज्यात अशा लघु प्रकल्पांची, पाझर तलावांची आणि गावतलावांची संख्या मोठी आहे. केंद्राच्या २०१९च्या राष्ट्रीय धरण नोंदवहीनुसार देशातील पाच हजार सातशेहून अधिक मोठ्या धरणांपैकी सुमारे दोन हजार चारशे एकट्या महाराष्ट्रात होती. नोंदवहीच्या निकषांत न बसणारे तलाव आणि बंधारे याखेरीज आहेत. छोटे धरण नेमके कशामुळे धोक्यात येते, त्याची स्थिती कशी ओळखावी आणि त्याची जबाबदारी कोणाची, याचा हा आढावा.

छोटे म्हणजे किती?

भारतीय मानक संस्थेच्या १९८५च्या मानकानुसार (आयएस ११२२३) धरणाचे लहान, मध्यम व मोठे असे वर्गीकरण साठा आणि पाण्याची उंची यांवरून केले जाते. पाच लाख ते एक कोटी घनमीटर साठा आणि साडेसात ते बारा मीटर पाण्याची उंची असलेले धरण लहान गणले जाते. साठा आणि उंची यांपैकी जो निकष वरच्या वर्गात बसेल, तो ग्राह्य धरतात. या वर्गवारीला महत्त्व आहे, कारण सांडवा किती मोठ्या पुरासाठी बांधायचा हे त्यावरून ठरते. मोठ्या धरणाचा सांडवा त्या खोऱ्यात संभवणाऱ्या कमाल पुरासाठी, मध्यम धरणाचा प्रमाणित पुरासाठी, तर लहान धरणाचा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखला जातो.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी अनेकांची फसगत होते. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढेच त्यातून कळते. धरणाचे आयुष्य पन्नास वर्षे धरले, तर त्या काळात असा किंवा याहून मोठा पूर एकदा तरी येण्याची शक्यता गणिताने सुमारे ४० टक्के निघते. थोडक्यात, लहान धरणाला सुरक्षेची तजवीज मुळातच कमी मिळालेली असते.

खाली वस्ती असेल, तर लहान धरणासाठीही मोठा पूर गृहीत धरावा, अशी मुभा मानकात आहे. यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. धोका धरणाच्या आकारावर अवलंबून नसतो. धरण फुटल्यास पाणी कोठे जाईल आणि तेथे किती माणसे राहतात, यावर तो ठरतो. माळरानावर रिकामे होणारे धरण आणि वाडीच्या डोक्यावर उभे असलेले धरण कागदावर एकाच वर्गात असले, तरी त्यांचा धोका एक नाही.

मातीचे धरण टिकते कसे?

राज्यातील बहुतेक लहान धरणे मातीची आहेत. बाहेरून साधा बांध दिसत असला, तरी त्याची आतली रचना विचारपूर्वक केलेली असते. मध्यभागी पाणी सहजासहजी न झिरपू देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो. हा गाभा पायाखाली खोदलेल्या चरात उतरवून खडकापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत नेलेला असतो. दोन्ही बाजूंना भरड मातीचे आवरण असते. जलाशयाकडील उतारावर लाटांचा मारा झेलण्यासाठी दगडांचे पिचिंग केलेले असते. कोरड्या बाजूला वाळू आणि खडीची गाळणी व पायथ्याशी दगडी निचरा असतो.

मातीचे धरण कधीही पूर्णपणे कोरडे नसते. भरावातून थोडे पाणी झिरपणारच, हे गृहीत धरूनच त्याचे संकल्पन केलेले असते. झिरपलेले पाणी बाहेर पडू द्यायचे, पण त्याबरोबर मातीचा कण जाऊ द्यायचा नाही, हे गाळणीचे काम. त्यामुळे पायथ्याच्या निचऱ्यातून स्वच्छ आणि स्थिर प्रमाणात पाणी येणे हे आजाराचे लक्षण नव्हे. ते पाणी अचानक वाढले, नव्या जागी दिसू लागले किंवा गढूळ झाले, तर मात्र धरण धोक्यात आहे असे समजावे.

फुटण्याच्या दोन वाटा

मातीच्या धरणांच्या जगभरातील दुर्घटना पाहिल्या, तर दोन कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. पहिले कारण म्हणजे पाणी माथ्यावरून वाहणे. काँक्रीटचे किंवा दगडी धरण असा प्रसंग काही काळ सोसू शकते. मातीच्या धरणाचा कोरड्या बाजूचा उतार मात्र वाहत्या पाण्याने झपाट्याने कापला जातो. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरणात सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक पाणी आले, ते मातीच्या भरावावरून वाहू लागले आणि खालचे मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. पुढे हे धरण पुन्हा बांधताना सांडव्याची क्षमता कित्येक पटींनी वाढवण्यात आली.

लहान धरणांच्या बाबतीत सांडवा अपुरा ठरायला मोठा पूरच यावा लागतो असे नाही. सांडव्याच्या तोंडाशी वाढलेली झाडेझुडपे, वाहून आलेला ओंडका, मासे अडवण्यासाठी लावलेली जाळी यांनीही त्याची वाट अडते. उन्हाळ्यासाठी चार दिवसांचे जास्त पाणी मिळावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचण्याचा प्रकारही घातक आहे. सांडव्याची पातळी आणि धरणाचा माथा यांत राखलेले अंतर हीच धरणाची खरी सुरक्षा असते. पोती रचली की ते अंतर तेवढे घटते.

दुसरी वाट आतली आहे. भरावातून, पायाखालून किंवा विमोचकाच्या नळालगत झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत नेऊ लागते. कोरड्या बाजूला सुरू झालेली ही धूप हळूहळू जलाशयाच्या दिशेने सरकते आणि आत एक पोकळ नळी तयार होते. ती जलाशयाला मिळाली की पुढचे सारे फार वेगाने घडते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात ५ जून १९७६ रोजी टीटन धरणाच्या भरावातून सकाळी गढूळ पाणी येताना दिसले आणि दुपारी बाराच्या सुमारास ते अजस्र धरण फुटले होते. मधला अवधी काही तासांचा होता.

पुणेकरांना विमोचकाच्या धोक्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा ते नुकतेच बांधले जात होते. विमोचकाचे काम अपुरे असतानाच जलाशयात पाणी साठले आणि त्यावरील भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही काळ सावरले. पण अखेर ते गेले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फोडले. एक धरण फुटल्याने खालचे दुसरे फुटण्याचा हा धोका आजही आहे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशात आधी पिंछा या वरच्या प्रकल्पाला खिंडार पडले आणि त्यानंतर खालच्या अन्नमय्या धरणाचा मातीचा भराव वाहून गेला. ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेला लहान तलाव म्हणूनच खालच्या मोठ्या धरणाच्या सुरक्षेचाही भाग ठरतो.

खेकड्यांचा प्रश्न

तिवऱ्याच्या दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरणाला गळती लागल्याचे विधान केले आणि त्यावर राज्यभर संतापाची व उपहासाची लाट उसळली. हा संताप समजण्यासारखा होता. मात्र, या वादात एक तांत्रिक मुद्दा बाजूला पडला. बिळे करणारे प्राणी मातीच्या धरणाला खरोखरच अपाय करतात. उंदीर, घुशी, खेकडे यांची बिळे आणि वाळवीची वारुळे यांमुळे पाण्याला भरावातून जवळची वाट मिळते. भरावावर वाढलेल्या मोठ्या झाडांचाही तोच दोष. झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात.

परंतु बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. ते दिसते, त्याची नोंद करता येते आणि योग्य मातीने ते बुजवता येते. झुडपे दरवर्षी काढायची असतात. ती वाढू दिली तर बीळही दिसत नाही आणि गळतीही. जगभरातील धरण-देखभालीच्या सूचनांमध्ये बिळांची पाहणी हे नेहमीचे काम म्हणून दिलेले असते ते यासाठीच. त्यामुळे खेकडे हे कारण मानले, तरी त्यातून पुढचा प्रश्न निघतोच : पाहणी कोणी केली होती आणि तिच्या नोंदीवर पुढे काय झाले?

पूर अडवण्यासाठी छोटी धरणे

वर धरण आहे म्हणजे खाली पूर येणार नाही, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्रातील लहान धरणे प्रामुख्याने सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली आहेत. पावसाळा संपताना ती भरलेली असावीत, हाच त्यांचा हेतू. पूर अडवायचा तर नेमके उलट, म्हणजे जलाशयात जागा रिकामी ठेवावी लागते. शिवाय लहान धरणांच्या सांडव्यांना सहसा दरवाजे नसतात. तलाव भरला की येणारे पाणी आपोआप सांडव्यावरून पुढे जाते. जुलैमध्येच भरलेला तलाव ऑगस्टमधील पुराची तीव्रता फारशी कमी करू शकत नाही.

केवळ पूरनियंत्रणासाठी छोटी धरणे मोठ्या संख्येने बांधण्याचा प्रयोग अमेरिकेने केला. ओक्लाहोमा राज्यातील कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक येथे १९४८ मध्ये अशा पहिल्या धरणांपैकी एक पूर्ण झाले. १९५४च्या कायद्यानंतर या कामाने वेग घेतला आणि देशभरात सुमारे १२ हजार धरणे उभी राहिली. त्यांतील दोन हजारांहून अधिक एकट्या ओक्लाहोमात आहेत. या धरणांत एरवी थोडेच पाणी असते. पुराचे पाणी तात्पुरते साठते आणि एका उभ्या नळातून काही दिवसांत सावकाश सोडले जाते. त्याहून मोठ्या पुरासाठी बाजूला हिरवळीचा आपत्कालीन सांडवा असतो.

यांतील बऱ्याच धरणांचे संकल्पित आयुष्य ५० वर्षांचे होते. ते सरत आले, तसे नळ गंजलेले आणि तलाव गाळाने भरलेले आढळू लागले. त्याहून गंभीर प्रश्न धरणांच्या खाली उभा राहिला होता. शेतजमिनीच्या रक्षणासाठी बांधलेल्या धरणांखाली दरम्यानच्या काळात घरे आणि रस्ते आले होते. धरण होते तेवढेच राहिले. पण त्याचा धोका मात्र वाढला. अखेर या धरणांच्या पुनर्वसनासाठी २००० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पायथ्याशी, तलावाच्या काठी आणि बांधाखालीही भूखंड पाडले जात असताना हा अनुभव दूरचा म्हणून सोडून देता येणार नाही. 'धरणाचा देखावा' असलेल्या घरासाठी पैसे मोजताना ते घर बांधाच्या कोणत्या बाजूला आहे, हेही पाहायला हवे.

जबाबदारी कोणाची?

राज्यात सिंचन योजनांची विभागणी लाभक्षेत्रानुसार होते. ढोबळमानाने १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठ्या जलसंपदा विभागाकडे असतात. ही विभागणी सिंचनाच्या दृष्टीने सोयीची आहे. मात्र, किती हेक्टर भिजते यावरून धरण किती धोकादायक आहे हे कळत नाही. शिवाय योजना एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाते, तेव्हा तिचे नकाशे, चाचण्यांच्या नोंदी आणि दुरुस्तीचा इतिहास सोबत जाईलच याची खात्री नसते.

धरणांच्या तपासणीसाठी राज्याने १९८० मध्ये नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना स्थापन केली. देशपातळीवरील धरण सुरक्षा कायदा मात्र संमत व्हायला २०२१ साल उजाडले. ३० डिसेंबर २०२१ पासून तो अमलात आला. त्यानुसार १५ मीटरहून उंच असलेली सर्व धरणे कायद्याच्या कक्षेत येतात. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना मात्र काही अटी आहेत. माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पुराचा विसर्ग किमान दोन हजार घनमीटर प्रतिसेकंद, पायाची विशेष अडचण किंवा वेगळ्या धाटणीचे संकल्पन यांपैकी एखादी बाब असेल, तरच ती कक्षेत येतात.

या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन करून घेणे, हेही धरणाच्या मालक यंत्रणेचे कर्तव्य ठरवण्यात आले. कायद्यानुसार दिलेले निर्देश पाळण्यास नकार दिल्याने जीवितहानी झाल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे.

या निकषांबाहेर राहिलेल्या धरणांचे काय, हा खरा प्रश्न आहे. नऊ मीटर उंचीच्या पाझर तलावाला या कायद्यानुसार ना तपासणीचे वेळापत्रक, ना आराखडा. त्याच्याखाली चाळीस घरे असली, तरी कायद्याच्या मोजपट्टीत ती घरे येत नाहीत. अशा तलावांची किमान खालच्या वस्तीनुसार यादी करणे आणि धोक्याच्या तलावांपुरती तरी वार्षिक पाहणी सक्तीची करणे, हे राज्य आपल्या पातळीवर करू शकते. त्यासाठी लागणारा खर्च नव्या धरणाच्या तुलनेत किरकोळ आहे. पण देखभालीच्या कामाला कोनशिला नसते आणि उद्‌घाटनही नसते.

वेळेवर दिसले तर

गळती म्हणजे मृत्यू अटळ, असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात कारम नदीवरील बांधकामाधीन मातीच्या धरणाला गळती लागल्याचे लक्षात आले. प्रशासनाने धार आणि खरगोन जिल्ह्यांतील १८ गावे तातडीने रिकामी केली. यंत्रे लावून धरणाच्या बाजूने चर खोदण्यात आला आणि पाणी वाट काढून सोडून देण्यात आले. पिकांचे व जमिनीचे नुकसान झाले, कामाच्या दर्जावरून अभियंत्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. पण जीवितहानी झाली नाही. ते धरणही वाचले नव्हते, तिवरेही वाचले नाही. फरक एवढाच की, कारम नदीकाठची माणसे त्या वेळी घरात नव्हती.

यासाठी महागड्या उपकरणांचीच गरज असते असे नाही. बांधावरून रोज गुरे नेणारा गुराखी, खालच्या विहिरीवर जाणाऱ्या बाया आणि तलावात जाळे टाकणारा कोळी यांना धरणातील बदल अभियंत्याच्या आधी दिसतो. त्यांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे आणि त्यांचे म्हणणे लेखी नोंदवून घेण्याची व्यवस्था असावी, एवढे तरी व्हायला हवे :

- कोरड्या बाजूच्या उतारावर किंवा पायथ्याशी नवा ओलावा, दलदल किंवा एरवीपेक्षा हिरवेगार गवत दिसणे.
- पायथ्यातून येणारे पाणी गढूळ होणे किंवा त्याचा जोर अचानक वाढणे.
- विमोचकाच्या नळाबाहेरून, कडेकडेने पाणी येणे.
- माथ्यावर लांबच लांब भेगा, खड्डा किंवा खचलेला भाग दिसणे. उताराचा भाग घसरणे वा फुगणे.
- जलाशयाच्या पाण्यात बांधालगत भोवरा दिसणे.
- सांडव्यात अडथळा असणे किंवा त्याच्या भिंतींची पडझड होणे.
- गाळ काढताना बांधाच्या अगदी पायथ्याशी खोदकाम होणे.

यांतील गढूळ पाणी, खचलेला माथा आणि भोवरा या तीन खुणा दिसल्यास तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. तलाठी, तहसीलदार किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष (दूरध्वनी १०७७) यांना तत्काळ कळवावे आणि खालच्या वस्तीने ओढ्यापासून दूर, उंच जागी जावे. गळतीच्या तोंडावर जलाशयाच्या विरुद्ध बाजूने माती टाकून ते बुजवण्याचा प्रयत्नही ग्रामस्थांनी परस्पर करू नये. पाणी तेथे अडले की दुसरीकडून वाट काढते. अशा जागी वाळू-खडीची गाळणी करून पाणी निघू देणे व माती रोखणे हा उपाय असून तो जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावा.

तिवऱ्याच्या ग्रामस्थांना गळती दिसली होती आणि त्यांनी ती सांगितलीही होती. धरण पाहणारे डोळे गावात होते. त्या तक्रारीवरून कोणाला तरी रात्रीच वाडी रिकामी करायला सांगता येईल, अशी व्यवस्था मात्र नव्हती. दरवर्षी ७ जूनच्या सुमारास मोसमी पाऊस राज्याच्या दाराशी येतो आणि लहान तलाव भरू लागतात. त्याआधी प्रत्येक बांधाखाली किती घरे आहेत आणि रात्री नऊ वाजता त्या घरांना कोण निरोप देणार, या दोन प्रश्नांची उत्तरे तहसील कचेरीच्या भिंतीवर लिहिलेली असायला हवीत.